काटेसाहेब आणि पाच जॅकेटं

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली, दुकानादुकानांतले तराजू तपासले, ज्यांचे काटे खोटे निघाले त्यांना शिशाची मोहोर ठोकून गप्प बसवलं, आणि या सगळ्या खटाटोपानंतर सहाय्यक निरीक्षक या पदावरून ते निवृत्त झाले. मधल्या काळात केव्हातरी लोकांनी त्यांचं काटेसाहेब करून टाकलं. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

अशा माणसाला कुठलीही वस्तू दिसली की ती किती भरते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. घरात साखर आली की डब्यात ओतण्याआधी ते पिशवी तळहातावर तोलून बघत आणि "सात ग्रॅम कमी" असं स्वतःशीच म्हणत. बायको म्हणे, "अहो, ते सात ग्रॅम मी चहात कमी घालीन, पण पिशवी सोडा." जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते आणि जी मोजता येत नाही तिच्याबद्दल सभ्य माणसाने बोलू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेला पहिला तडा गेला तो जॅकेटांमुळे.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. हिवाळा आला की अर्धं गाव बसमध्ये बसून वर जायचं, पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं आणि संध्याकाळी लंगडत परत यायचं. त्यासाठी लागणारी फुगीर, रंगीबेरंगी स्की-जॅकेटं बाजारपेठेत ओळीने टांगलेली असायची. त्या वर्षी प्रत्येक जॅकेटाला एक हिरवं पान लटकत होतं आणि पानावर लिहिलं होतं, ‘निसर्गस्नेही’.

ग्राहक मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी तो विषय काढला. अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "आपल्या हिवाळी अंकात आपण सांगू या, यातलं खरं निसर्गस्नेही जॅकेट कोणतं."

काटेसाहेबांनी सवयीने विचारलं, "पण हे स्नेही-बिही ठरवलं कुणी? मोजलं कशाने?"

"वा! तेच तुम्ही शोधून काढायचं," डॉक्टर म्हणाले. समोरच्याला आ करून बसवायचं आणि बोलायचं आपणच, ही त्यांची धंद्याची सवय. काटेसाहेबांचा आ मिटेपर्यंत ठराव मंजूर होऊन बिस्किटं फिरली होती. काटेसाहेब आयुष्यात एकदाही बर्फावर घसरले नव्हते, हा मुद्दा कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. त्यांनाही वाटला नाही. चोर पकडायला चोरी करून बघावी लागते थोडीच!

नऊ दिवस खपून त्यांनी प्रश्नावली तयार केली. बेचाळीस प्रश्न, प्रत्येकाला अ, आ, इ असे पोटप्रश्न. कापड कुठून येतं, रंगाचं पाणी कुठे जातं, पाणी न धरणारा थर कशाचा असतो, पिसं असतील तर पक्ष्याचं काय झालं. बायकोने ती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "हे जॅकेटवाल्यांना पाठवायचंय की आरोपींना?"

पाच उत्पादक निवडले. त्यातला चौथा सगळ्यांत मोठा होता, आणि त्याच कंपनीत त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीला होती.

मुलगी चौतीस वर्षांची, स्वतःचं घर असलेली, एका विभागाची प्रमुख. पण घरात चिऊ. तिचा तो विभाग म्हणजे ‘शाश्वतता विभाग’. शाश्वत असतो तो आत्मा, असं काटेसाहेब शाळेत शिकले होते. त्यामुळे जॅकेट शाश्वत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना सहा वर्षांत उमगलं नव्हतं. कुणी विचारलं की ते "मुलगी कंपनीत आहे" एवढंच सांगत आणि हवापाण्याकडे वळत. कंपनीचं जे काही असेल ते बऱ्या शब्दांत लिहून द्यायचं, असलं काहीतरी तिचं काम असावं, अशी त्यांची समजूत होती. त्यांची ही समजूत चिऊला माहीत होती. ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

प्रश्नावली पोचली त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, बेचाळीस प्रश्नांखाली ही सही तुमचीच ना?"

"सही माझीच. पण पत्र मंडळाचं आहे. इथे नात्यागोत्याचा संबंध नाही."

"बरं. मग उत्तरही कंपनीच्या रीतीनेच येईल," चिऊ म्हणाली. "आईला सांगा, रविवारी जेवायला येते."

त्यानंतरच्या रविवारी बापलेक समोरासमोर बसून कोशिंबिरीच्या बिया मोजल्यासारखे जेवले. जॅकेट हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा अलिखित करार होता. बाहेर थंडी वाढलीय असंसुद्धा कुणाला म्हणता येईना, कारण थंडीवरून गाडी जॅकेटावर गेली असती.

उत्तरं येऊ लागली. पहिल्या कंपनीने नव्या मालाची रंगीत पुस्तिका पाठवली. दुसरीने कळवलं, की आपल्या नावाने एक झाड लावण्यात आलं आहे. कुठे, कसलं, ते जगलं का, याचा पत्ता नाही. तिसरीने काहीच पाठवलं नाही. चौथ्या, म्हणजे चिऊच्या कंपनीकडून एकशे छत्तीस पानांचा अहवाल आला. मुखपृष्ठावर पानावरचा दवबिंदू. तो बघताच काटेसाहेबांनी अहवाल मिटून कपाटावर टाकला. इतका सुंदर दवबिंदू लावणाऱ्यावर ते विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नव्हते. पाचवा उत्पादक म्हणजे डोंगराच्या वाटेवरचं एक छोटं शिवणघर. त्यांनी काटेसाहेबांचीच प्रश्नावली परत पाठवली होती आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं होतं, "येऊन बघा."

पाचांपैकी तिघांचं कापड गावाबाहेरच्या एकाच गिरणीतून येतं, एवढा धागा मात्र हाती लागला. गिरणीचं सांडपाणी ओढ्यात जातं. त्या पाण्याची तपासणी सरकारदरबारी नोंदलेली असणार म्हणून काटेसाहेब इस्त्रीचा सदरा घालून प्रदूषण नियंत्रण कचेरीत गेले. आपण खात्यातले, म्हणजे जवळपास घरचेच, अशी त्यांची कल्पना. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्याकडे एक लांब अर्ज सरकवला.

"तुम्ही बाधित आहात का?"

"म्हणजे?"

"त्या पाण्याची तुम्हाला काही बाधा झालीय का?"

"नाही."

"घरात कुणाला?"

"नाही हो."

"मग माहिती कशाला हवी?"

"बाधा होऊ नये म्हणून."

बाईंनी अर्जात हा पर्याय शोधला. अर्ज उलटा करून पाहिला. "असा रकाना नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती. "एक करा. बाधेचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा, नाहीतर गिरणीच्या पाचशे मीटरच्या आत राहत असल्याचा दाखला जोडा."

‘दाखला जोडा’ हे दोन शब्द काटेसाहेबांनी नोकरीत किती हजार वेळा उच्चारले असतील! पण ते नेहमी खिडकीच्या आतून. बाहेरून ते इतके वेगळे ऐकू येतात याची त्यांना कल्पना नव्हती. ते अर्ज घडी करून खिशात घालून घरी आले.

मग त्यांनी ठरवलं, कागद नाही तर नाही; आपण आपल्या हाताने मोजू. जॅकेट धुतलं की त्यातून बारीक तंतू सुटतात, ते पाण्याबरोबर वाहून नदीत जातात, तिथून माशांच्या पोटात, असं त्यांनी वाचलं होतं. तंतू म्हणजे वस्तू, आणि वस्तू म्हणजे वजन. इतक्या दिवसांनी ओळखीचा माणूस भेटावा तसा त्यांना आनंद झाला.

जॅकेटं जमवताना सगळ्या इमारतीला बातमी लागली आणि जिन्यात सल्ल्यांची बरसात सुरू झाली. शेजारचे विमावाले म्हणाले, पिसांचं जॅकेट वाईट, त्यात पक्ष्यांचा जीव जातो. त्यांच्याच बायकोचं मत, की प्लॅस्टिकचं वाईट, ते शेवटी सगळ्यांचाच जीव घेतं. चौथ्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले, सगळ्यांत निसर्गस्नेही म्हणजे घसरायला न जाणं. यावर सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली, कारण ते खरं होतं आणि म्हणूनच कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

अखेर धुण्यासाठी तीन जॅकेटं मिळाली. एक बायकोचं, चिऊने तिला दिलेलं, तिच्या कंपनीचं. दुसरं दातांच्या डॉक्टरांचं. तिसरं खालच्या मजल्यावरच्या व्हायोलिनमास्तरांचं, पिसांचं. ते त्यांना त्यांच्या जावयाने दिलं होतं आणि मास्तर ते घालून रियाज करत. "जपा हं," मास्तर एवढंच म्हणाले.

काटेसाहेबांनी धुण्याच्या यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीला मलमलचं दुहेरी फडकं तारेने आवळून बांधलं. पहिली दोन जॅकेटं सुरळीत पार पडली. फडक्यावर जमलेला करडा गाळ त्यांनी खरवडून, वाळवून, दोन पुड्यांत बांधला. बायको म्हणाली, "त्यात माझ्या लोकरी शालीचंही असेल हो. सकाळी त्याच यंत्रात धुतली मी." शालीचा मुद्दा त्यांनी वहीत नोंदवला नाही.

तिसरं जॅकेट आत टाकून ते बाहेरच्या खोलीत ‘निरीक्षणे’ लिहायला बसले. निरीक्षणं लिहिण्यात ते इतके गुंग झाले, की निरीक्षण करायचं राहून गेलं. आत मास्तरांच्या जॅकेटाची एक शिवण उसवली. पिसं निघाली, फडक्यावर येऊन बसली आणि फडक्याचं बूच झालं. पाण्याला वाट मिळेना तेव्हा नळी मोरीतून उसळून बाहेर पडली आणि न्हाणीघरभर नाचली.

दार वाजलं तेव्हा बाहेर मास्तर उभे होते. एका हातात उघडी छत्री, दुसऱ्या काखेत व्हायोलिनची पेटी.

"काटेसाहेब," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "माझ्या घरात पाऊस सुरू झालाय."

पुढचा सगळा दिवस पुसण्यात गेला. ओली पिसं सुकली तशी उडायला लागली. ती जिन्यात गेली, विमावाल्यांच्या पायपुसण्यावर गेली, प्राध्यापकांच्या मिशीत अडकली. मास्तरांच्या छताला पोपडे आले. मास्तर एका शब्दाने रागावले नाहीत, फक्त रिकाम्या झालेल्या जॅकेटाची बाही हातात धरून म्हणाले, "जावई विचारेल, काय सांगू?" काटेसाहेबांना वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण पुड्या हातात होत्या. घरातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण तो त्यांनी स्वतः तपासला होता. इतकं बारीक वजन करणारा काटा गावात एकाच ठिकाणी, सोनाराकडे. सोनाराने पुडी उघडली, आतला करडा गाळ काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "किती कॅरेट?" दुकानातल्या दोन बायका हसल्या. काटेसाहेबांनी छताकडे पाहिलं.

डॉक्टरांच्या जॅकेटाचा गाळ एकोणीस शतांश ग्रॅम भरला. चिऊच्या कंपनीच्या जॅकेटाचा एक्केचाळीस शतांश.

"साहेब, ओळखलंत ना मला?" पुड्या परत बांधताना सोनार म्हणाला. "तुम्ही माझा काटा पंधरा दिवस सील केला होता."

"चूक असेल म्हणून केला असेल."

"चूक होतीच. पण ती मीच तुमच्या कचेरीत येऊन सांगितली होती. काटा थोडा हलका दाखवतोय, म्हटलं बघून घ्या. शेजारच्या दुकानाचाही काटा तसाच होता. तो सांगायला आला नाही. त्याचं काही झालं नाही."

"नियम होता," काटेसाहेब म्हणाले.

"हो ना. नियम होताच," सोनार हसून म्हणाला. त्याच्या हसण्यात काटेसाहेबांना राग शोधून सापडला नाही.

एक्केचाळीस हा आकडा मात्र त्यांनी वहीत दोनदा अधोरेखित केला. तो शालीसकटचा आहे आणि एकदाच मोजलेला आहे, हे त्यांना कळत होतं. पण तीन महिन्यांत पदरात पडलेला तो पहिला आकडा होता. उपाशी माणूस जेवणात मीठ कमी आहे म्हणून उठत नाही.

पुढच्या आठवड्यात ते डोंगराच्या वाटेवरच्या शिवणघरात गेले. दोन खोल्या, चार यंत्रं, खिडकीत लटकलेल्या शंभरेक चेनी. मालकिणीला सगळ्या जणी ‘मोठ्या बाई’ म्हणत. निम्मं काम जुन्या जॅकेटांचं होतं. कुणाची चेन, कुणाचं कोपर. वर जाणाऱ्या बसच्या चालकाचं एक जॅकेट दुरुस्तीला आलं होतं. ते नऊ वर्षं वापरातलं होतं आणि मूळ रंग कोणता यावर दोघी शिवणाऱ्यांत वाद चालू होता.

काटेसाहेबांनी वही उघडली. "तुमचं पर्यावरणविषयक धोरणपत्र आहे?"

"ते काय असतं?"

"निसर्गासाठी तुम्ही काय करता, ते लिहिलेला कागद."

"निसर्गासाठी आम्ही काही करत नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "कापड वाया गेलं तर जीव जातो माझा, एवढंच."

धोरणपत्र नाही, म्हणून शून्य. वार्षिक अहवाल नाही, शून्य. काटेसाहेबांच्या स्वतःच्या गुणपत्रिकेप्रमाणे बाईंना शंभरात अकरा पडत होते. झाड लावणाऱ्या दुसऱ्या कंपनीला त्रेपन्न पडले होते. चूक कुठेतरी होती. पण मोठ्या बाईंना पैकीच्या पैकी द्यावेत म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि तिथेही पाय घसरला.

"पाणी न धरणारा थर कशाचा लावता?"

बाईंनी एक डबा दाखवला. वरचं लेबल फाटलेलं. "काय आहे कोण जाणे. डबा येतो, आम्ही लावतो. लावला की हात चुरचुरतात."

"विचारलं नाही पुरवठादाराला?"

"विचारलं. तो म्हणतो, तुम्हाला कशाला हवं?"

काटेसाहेबांना खिडकीतल्या बाई आठवल्या. 

अंक छापायला जायची वेळ आली तेव्हा त्यांनी नाइलाजाने कपाटावरचा एकशे छत्तीस पानी अहवाल खाली काढला. पकडायच्या इराद्यानेच. दुकानदार चांगला माल पुढे मांडतो आणि खोटं वजन फळीखाली ठेवतो, हे त्यांना पाठ होतं. म्हणून दवबिंदू, हसरी मुलं, डोंगर हे सगळं ओलांडून ते थेट बारीक अक्षरांकडे गेले. एक्क्याण्णवाव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. एक छोटा तक्ता होता. पाणी न धरणारा थर: चाळीस टक्के मालाला अजूनही जुनं, घातक रसायन. धुण्यात सुटणारे तंतू: मोजलेले नाहीत. गिरणीचं सांडपाणी: मोजलेलं नाही, गिरणीने परवानगी दिली नाही.

रविवारी जेवताना त्यांच्याच्याने राहवेना. त्यांनी करार मोडला.

"चिऊ, तुमच्या अहवालात पान एक्क्याण्णव आहे."

चिऊने घास खाली ठेवला. "वाचलंत तुम्ही?"

"मोजलेलं नाही, मोजलेलं नाही! एवढी मोठी कंपनी, आणि मोजलेलं नाही? बरी सापडलीत. मी मोजलंय. एक्केचाळीस शतांश!"

"त्यात माझी शाल आहे," बायको म्हणाली.

चिऊ हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या जागी आधी ‘समाधानकारक’ असा शब्द होता. पाच वर्षं तोच छापून येत होता. तो काढून ‘मोजलेलं नाही’ लिहायला मला अकरा महिने लागले. नऊ बैठका झाल्या. माझे साहेब म्हणायचे, आपण स्वतः होऊन कशाला सांगायचं? बाकीचे कुणी सांगतात का? सांगितलं की उद्या कुणीतरी त्याचंच बोट धरून आपल्याला शेवटच्या नंबरावर नेऊन बसवेल."

काटेसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"पुढच्या वर्षीचा अहवाल मी लिहिणार नाहीये," ती म्हणाली. "मला मालाच्या पुस्तिकेवर टाकलंय. गेल्या महिन्यापासून. आईला माहीत आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." तिने हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. आणि मग, "आई, जरा पाणी दे," म्हणाली.

ती गेल्यावर काटेसाहेब गॅलरीत जाऊन बसले. गुणपत्रिका मांडीवर होती. तिच्यात काहीच न कळवणाऱ्या तिसऱ्या कंपनीचे फक्त कोरे रकाने होते. कोऱ्या रकान्यांचे गुण कापायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. चिऊच्या कंपनीचे मात्र पान एक्क्याण्णवपायी सव्वीस गुण गेले होते. त्यांना सोनार आठवला. आपण होऊन कचेरीची पायरी चढणारा तो एकटाच होता का? चौतीस वर्षांत असे किती आले असतील? आणि पंधरा दिवस काटा बंद ठेवून घरी बसल्यावर त्यातला कोण पुन्हा सांगायला आला असेल? आपण आयुष्यभर खोटे काटे पकडले असं ते समजत होते. त्यातले काही खरे सांगणारे होते, आणि त्यांना पकडणं सोपं होतं, एवढंच. बायको बाहेर आली, त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या खांद्यावर ती शाल टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुणपत्रिका फाडली. नव्याने लिहायला बसण्याआधी एक काम केलं: मास्तरांचं रिकामं जॅकेट घेऊन मोठ्या बाईंकडे गेले आणि त्यात पुन्हा काहीतरी भरून द्या म्हणून समोर बसून राहिले. मग घरी येऊन त्यांनी दोन पानांचा अहवाल लिहिला. कोण काय सांगतो, कोण काय सांगत नाही, आणि कुणीच काय मोजलेलं नाही. एक्केचाळीस शतांश त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले. ते खोडताना जरा दुखलं.

बैठकीत डॉक्टरांनी अहवाल वाचला. "पहिला नंबर कुणाचा?"

"माहीत नाही."

"मग चार महिने केलंत काय?"

"काय माहीत नाही ते शोधून काढलं."

"अहो, वाचकाला एक नाव हवं असतं! कोणतं घेऊ, एवढंच विचारतो तो."

"कपाटात जे आहे ते झिजेपर्यंत घाला म्हणावं. घ्यायचंच असेल तर दुकानदाराला विचारा म्हणावं, हिरवं पान कुणी मोजून लावलं."

तेवढ्यात विमावाले, जे मंडळाचे चिटणीसही होते, खाकरून म्हणाले, "बोलू नये, पण त्या पान एक्क्याण्णवचं तुम्ही जे कौतुक केलंय… तुमची मुलगी तिथे आहे ना?"

खोलीत सगळे एकदम आपापल्या बिस्किटाकडे पाहू लागले. चौतीस वर्षांत काटेसाहेबांवर असा आळ कुणी घेतला नव्हता. त्यांचे कान लाल झाले. उठून जावं, राजीनामा फेकावा, निदान टेबलावर हात तरी आपटावा, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग ते म्हणाले, "शंका रास्त आहे. ती छापा. अगदी वर. ‘लेखकाची मुलगी या कंपनीत आहे, वाचकांनी हे लक्षात घेऊन वाचावं.’ आणि ते पान तिने लिहिलंय, हेही छापा. तिला विचारून."

चिऊने हो म्हटलं. अंक निघाला. एकोणीस पत्रं आली, त्यातल्या सतरांनी विचारलं होतं की मग जॅकेट कोणतं घ्यायचं. दुसऱ्या कंपनीने काटेसाहेबांच्या नावाने आणखी एक झाड लावलं. चिऊची बदली रद्द झाली नाही. तिच्या साहेबांनी अंक वाचून फक्त "हं" म्हटलं, आणि त्या "हं"चा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. मोठ्या बाईंनी मात्र पुरवठादाराला निरोप धाडला, की नाव सांगणार नसाल तर डबा घेऊन जा.

मग एका सकाळी चिऊचा फोन आला. "बाबा, रविवारी मोकळे आहात?"

"का गं?"

"गिरणीच्या खालच्या अंगाला ओढ्यावर पूल आहे. रस्ता सार्वजनिक आहे. पुलावरून बादली सोडायला गिरणीची परवानगी लागत नाही, मी चौकशी केलीय. प्रयोगशाळा कुणाच्याही बाटलीतलं पाणी तपासून देते."

रविवारी दोघं पुलावर गेली. काटेसाहेबांनी खात्याची जुनी कातडी पिशवी घेतली होती. आत कापडात गुंडाळलेल्या आठ बाटल्या. गिरणीच्या वरच्या अंगाचे चार नमुने घ्यायचे, खालच्या अंगाचे चार. वरचे घेऊन झाले होते. चिऊ दोरीने बादली सोडत होती, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळत होती, भरत होती, वेळ लिहीत होती. काटेसाहेबांनी एक बाटली भरून बूच लावलं तशी ती म्हणाली, "असं नाही बाबा. काठोकाठ. आत हवा राहू द्यायची नाही." त्यांनी बूच काढून पुन्हा भरली. ती गुडघे टेकून लेबल चिकटवत होती, बाही कोपरापर्यंत भिजलेली, आणि इतक्या काळजीने हात चालवणारं माणूस आपण नोकरीतसुद्धा फार बघितलं नाही, असं त्यांना वाटलं.

एवढ्यात गिरणीच्या फाटकातून पहारेकरी धावत आला. पांढरे केस, कातडी पिशवी, ताठ पाठ बघून तो सरळ काटेसाहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, कोण तुम्ही? कुठल्या खात्याचे?"

हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षं लोकांनी विचारला होता, आणि उत्तर हुद्द्यासकट जिभेवर तयार होतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"साहेब त्या आहेत," ते चिऊकडे बोट दाखवत म्हणाले. "त्यांना विचारा. मी बाटल्या धरायला आलोय."

चिऊने मान वर केली नाही. लेबलवर वेळ लिहून झाली, तसा तिने हात मागे केला.

"दुसरी द्या," ती म्हणाली.